‘गोपनीय’ आणि ‘खासगी’ : सीमेवरील झडतीच्या निमित्ताने एक शब्दविचार

बोईसर स्थानकावर पहाटेची गाडी धरून मुंबईच्या विमानतळाकडे निघालेला प्रवासी ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा रसायनशास्त्रज्ञ कामानिमित्त परदेशी जातो, पालघरची निवृत्त शिक्षिका मुलाकडे जाते, सातपाटीचा तरुण जहाजावर रुजू होण्यास निघतो. या सर्वांच्या पिशवीत बहुधा एक लॅपटॉप असतो, आणि त्या यंत्रात काय नसते? कारखान्यातील प्रक्रियेचे टिपण, पत्नीच्या आजाराचे अहवाल, भावाशी झालेला जमिनीच्या वाटणीचा पत्रव्यवहार, दहा वर्षांची छायाचित्रे आणि कोणालाही न दाखविलेल्या चार कविता. परमुलखाच्या सीमेवरील अधिकाऱ्याने ‘हे उघडून दाखवा’ असे म्हटल्यास काय करावे, हा प्रश्न त्यामुळे घरोघरी निघू लागला आहे. त्यास मिळणारे उत्तरही ठरलेले असते : ‘माहिती गोपनीय आहे ना? मग ती लपवा.’

प्रस्तुत लेखाचा विषय हे उत्तर होय. ते तंत्रदृष्ट्या कच्चे आहे आणि कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे, हे पुढे दाखवावयाचे आहेच. परंतु त्या चुकीचे मूळ तंत्रात किंवा कायद्यात नसून आपण योजिलेल्या शब्दात आहे, असे आमचे मुख्य प्रतिपादन आहे. म्हणून आधी शब्दाकडे वळू.

इंग्रजी ‘प्रायव्हसी’ या शब्दासाठी आज मराठीत ‘गोपनीयता’ हा शब्द सर्रास योजिला जातो. संगणकाच्या पडद्यावर ‘गोपनीयता धोरण’ असते, वृत्तपत्रांत ‘गोपनीयतेचा अधिकार’ असतो. हा शब्द मराठीस नवा नाही. मात्र त्याचा जुना संसार अगदी निराळा आहे. मंत्री पदग्रहण करतात तेव्हा ‘पद व गोपनीयतेची शपथ’ घेतात. तेथे गोपनीयता म्हणजे राज्यकारभार करताना कळलेली गोष्ट बाहेर न फोडण्याचे बंधन. सरकारी लखोट्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का पडतो, तेव्हाही अर्थ तोच असतो. शासकीय नोकरांच्या ‘गोपनीय अहवाला’चे उदाहरण तर फारच बोलके आहे. तो अहवाल त्या नोकराविषयीच असे, आणि दीर्घकाळ तो त्याच्यापासूनच राखून ठेवला जाई. फार तर प्रतिकूल शेरा तेवढा कळविण्याची पद्धत होती. अहवालातील प्रत्येक नोंद संबंधितास कळविली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या खटल्यात २००८ साली दिला. ‘गोपनीय’ हा शब्द त्या काळापर्यंत माणसाच्या स्वतःविषयीच्या माहितीपासून त्यालाच दूर ठेवीत होता. आज तोच शब्द त्याच्या स्वतःच्या माहितीचे रक्षण करण्याच्या कामी आपण लावला आहे.

यातून एक विलक्षण घोटाळा उत्पन्न झाला आहे. शासनाने नागरिकापासून राखून ठेविले ते गोपनीय, आणि नागरिकाने शासनापासून राखून ठेविले तेही गोपनीय. वस्तुतः हे दोन व्यवहार परस्परांच्या विरुद्ध दिशेने जाणारे आहेत. लोकशाहीत शासनाने जे झाकले त्याचे कारण शासनाने द्यावयाचे असते. नागरिकाने जे स्वतःपाशी ठेविले त्याचे कारण त्याने देण्याची गरज नसते. एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यामुळे दुसऱ्यासही कारण द्यावे लागते, अशी समजूत रूढ होते. ‘लपविण्याजोगे काही नसेल तर दाखविण्यास हरकत काय?’ हा नेहमीचा सवाल याच समजुतीवर उभा आहे. आणि ज्याने आपल्या वस्तूस आधीच ‘गोपनीय’ म्हणजे लपविण्याजोगी म्हटले, त्यास या सवालाचे उत्तर देता येत नाही.

व्युत्पत्तीचा आधार घेऊन कोणी या शब्दाचा बचाव करील. संस्कृत ‘गुप्’ धातूचा आधीचा अर्थ राखणे, रक्षण करणे असा आहे. गाई राखणारा तो गोप. त्याच्या राखण्यावरून सांभाळण्याचा अर्थ आला, आणि लपविण्याचा अर्थ त्यातून पुढे निघाला. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने रक्षिलेला. चंद्राने लपविलेला नव्हे. हे सर्व खरे आहे. परंतु शब्द व्युत्पत्तीवर जगत नाही, तो वापरावर जगतो. मराठीतील गुप्त, गुपित, गुप्तधन, गुप्तहेर या साऱ्या गोतावळ्यात रक्षणाचा अर्थ मागे पडून झाकण्याचा अर्थच पुढे आला आहे, आणि ‘गोपनीय’ हा शब्द त्याच गोतावळ्यात वाढला आहे.

याउलट ‘खासगी’ – आज आपण ‘खाजगी’ असेही लिहितो – हा शब्द पाहावा. अरबी ‘खास’पासून फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि मराठेशाहीच्या कारभारात रुळला. होळकरांच्या राज्यात दौलतीचा खजिना निराळा आणि खासगीचा खजिना निराळा असे. खासगी म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या वाट्याचे. या खासगीत गुप्त असे काहीच नव्हते. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ येथे जी देवालये उभारली, त्यांच्या दानधर्माचा आधार ही खासगीच होती, आणि ती देवालये साऱ्या हिंदुस्थानने पाहिली. खासगी ही झाकलेली नव्हती. ती केवळ दौलतीच्या हिशेबाबाहेरची होती. ‘झडती’ हा शब्दही येथे आठवावा. पेशवाईच्या हिशेबी कागदांत झडती म्हणजे महालाचा अखेरचा हिशेब. ज्याच्या हाती सरकारी कारभार, त्याने सरकारास झडती द्यावयाची. म्हणजे झडती ही सोपविलेल्या कामाची असे. आज मात्र कोणतेही काम न सोपविलेल्या प्रवाशाच्या सबंध आयुष्याची झडती घेतली जाऊ शकते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

खासगी आणि गुप्त यांतील हा भेद आपल्या घरगुती रीतीतही मुरलेला होता. पोस्टकार्डावर मराठी कुटुंबांनी बाळंतपणे, आजारपणे, कर्जे आणि रुसवेफुगवे लिहून पाठविले. ते कार्ड उघडे होते. पोस्टमनला, शेजाऱ्याला, वाटेतल्या कोणालाही ते वाचता आले असते. तरीही दुसऱ्याचे पत्र वाचू नये, ही शिकवण लहानपणीच मिळे. येथे खासगीपण लिहिणाराच्या लपविण्यावर अवलंबून नव्हते. ते पाहणाराच्या संयमावर उभे होते. गुप्ततेचा भार ठेवणाऱ्यावर असतो, खासगीपणाचा भार पाहणाऱ्यावर असतो. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म एवढ्यात आहे.

आमच्या या परिसरात हे प्रकार शेजारीशेजारी नांदताना दिसतात. १९६९ च्या ऑक्टोबरापासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागलेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र हे शासनाच्या गुपिताचे स्थान. तेथील कर्मचाऱ्यास कोणती गोष्ट बाहेर न्यावयाची नाही हे ठाऊक असते, आणि १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम त्याच्या मागे उभा असतो. लगतच्या औद्योगिक वसाहतीतील औषधे, रंग व रसायने यांचे सूत्र हे व्यापारी गुपित. ते मालकाचे असते आणि करारनाम्याने बांधलेले असते. आणि संध्याकाळी कामावरून परतलेला माणूस घराचे दार लावून घेतो, ते खासगी. पहिल्या दोहोंत काहीतरी फुटण्याची भीती आहे. तिसऱ्यात फुटण्यासारखे काही नसेलही. तरी ते दुसऱ्याचे नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

सीमेवरची तपासणीही या भागास अपरिचित नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, तारापूर आणि वसई ही ठाणी मराठ्यांकडे आली, तरी दमण पोर्तुगीजांकडेच राहिले; आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत डहाणूच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर एक आंतरराष्ट्रीय सीमा उभी होती. आजही दमणहून गुजरातेत शिरणाऱ्या वाहनांची दारूबंदीमुळे तपासणी होते. नाक्यावरचा शिपाई बाटली शोधतो. बाटली मिळाली अथवा न मिळाली, म्हणजे त्याचे काम संपते. शोध वस्तूचा असेल तर त्यास अंत असतो. लॅपटॉपमधील शोधास तसा अंत नाही. काय शोधावयाचे हे पाहता पाहता ठरते. म्हणून सामानाची तपासणी आणि लॅपटॉपची तपासणी यांस एकाच मापाने मोजणे हीच मुळात मोठी गफलत आहे.

आता लपविण्याच्या तंत्राचा परामर्श घेऊ. साध्या सांकेतिक बंदिस्तीत मजकूर परवलीच्या शब्दावाचून वाचता येत नाही. पण तेथे काही बंद आहे हे दिसते. तेही दिसू नये म्हणून दुहेरी कप्प्याची युक्ती निघाली. २००४ साली आलेल्या आणि २०१४ साली कर्त्यांनी सोडून दिलेल्या ट्रूक्रिप्ट या साधनात, आणि त्याची परंपरा पुढे चालविणाऱ्या व्हेराक्रिप्टमध्ये, बाहेरच्या बंद कप्प्याच्या रिकाम्या जागेत दुसरा कप्पा ठेवता येतो. एक परवलीचा शब्द दिल्यास बाहेरचा निरुपद्रवी मजकूर उघडतो. दुसरा दिल्यास आतला. रिकामी जागा आधीच यदृच्छ अंकांनी भरलेली असल्याने आत दुसरे काही आहे हे त्या जागेवरून सिद्ध करता येत नाही. मराठीत यास ‘चोरकप्पा’ म्हणणे सर्वथा योग्य होईल.

या चोरकप्प्याची कसोटी २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ब्रूस श्नायर यांच्यासह घेतली. कप्पा स्वतः काही बोलला नाही. पण भोवतालचे सारे बोलले. कार्यप्रणाली अलीकडे उघडलेल्या लेखांची यादी ठेवते, लेखनाचे साधन आपोआप प्रत राखून ठेवते, शोधाचे साधन मजकुराची नोंद करून ठेवते. आतल्या कप्प्याचे अस्तित्व या खुणांवरून उघड होऊ शकते, असे त्यांना आढळले. शिवाय बाहेरच्या कप्प्यात निष्काळजीपणे लिहू गेल्यास आतला मजकूर पुसला जातो. तात्पर्य, चोरकप्पा सांभाळणे हे नित्य सावधपणाचे काम आहे. आणि बोईसरचा रसायनशास्त्रज्ञ किंवा पालघरची शिक्षिका हे काही हेरगिरीचे शिक्षण घेतलेले लोक नव्हेत.

परंतु याहून मोठा आक्षेप निराळा आहे. चोरकप्पा मुका राहू शकतो. त्याचा धनी मुका राहू शकत नाही. ‘यात आणखी काही आहे का?’ असे विचारले असता त्यास ‘नाही’ म्हणावे लागते. अमेरिकेत संघीय अधिकाऱ्यास जाणूनबुजून खोटे सांगणे हाच स्वतंत्र अपराध आहे, आणि त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ज्या मजकुरात काडीचाही गुन्हा नव्हता, त्याच्यासाठी माणूस एक खराखुरा गुन्हा करून बसतो. खासगी वस्तूस गोपनीय म्हटल्याचा हा प्रत्यक्ष परिणाम होय.

येथे मराठी मनात एक वीरकथा उभी राहते, तिचाही विचार करणे प्राप्त आहे. सावरकरांनी लंडनमध्ये मराठीत लिहिलेल्या १८५७ विषयीच्या ग्रंथावर तो प्रकाशित होण्यापूर्वीच सरकारने बंदी घातली. १९०९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर हॉलंडमध्ये छापले गेले, आणि डिकन्ससारख्या निरुपद्रवी ग्रंथकारांच्या पुस्तकांची वेष्टने चढवून त्याच्या प्रती हिंदुस्थानात उतरविण्यात आल्या. बंदी उठली ती १९४६ साली. सालाझारच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिका छापण्यासही पूर्वतपासणीची परवानगी लागे. तेथील स्वातंत्र्यसैनिकांनी पत्रके लपवून सीमेपार नेली, यात नवल नाही. सीमेवर काही लपविणे म्हणजे शौर्य, ही भावना आपल्याकडे अशा स्मृतींनी घडविली आहे.

या स्मृतींविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते की, हा दाखला प्रस्तुत प्रश्नास लागू पडत नाही. बंदी घातलेला ग्रंथ लपविला जातो तो पुढे हजारोंनी वाचावा म्हणून. त्याचे लपणे हे प्रकाशनाच्या वाटेवरचा एक मुक्काम असतो. शिवाय तो नेणाऱ्याने राज्याशी वैर जाहीरपणे पत्करलेले असते आणि त्याची किंमत मोजण्याची त्याची तयारी असते. पत्नीच्या आजाराचा अहवाल पुढे कोणी वाचावा असा हेतू नसतो. आणि तो जवळ ठेवणाऱ्याचे कोणाशी वैरही नसते. त्याच्या हाती वीराची युक्ती देणे म्हणजे त्यास विनाकारण बंडखोराच्या जागी उभे करणे होय. सीमेवरचा अधिकारीही मग त्यास त्याच नजरेने पाहतो.

कायद्याने हा भेद ओळखला आहे काय? आपल्याकडील १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम मालाच्या विचाराने रचलेला आहे. अठरा वर्षांवरील प्रवाशास एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. म्हणजे त्या व्यवस्थेच्या लेखी लॅपटॉप हा एक नग आहे. तरीही त्या अधिनियमास मर्यादेची जाण नाही असे नव्हे. अंगझडतीच्या वेळी प्रवाशाने मागणी केल्यास त्यास राजपत्रित सीमाशुल्क अधिकारी किंवा दंडाधिकारी यांजपुढे नेलेच पाहिजे, असे कलम १०२ सांगते. अंगाच्या झडतीस जी मर्यादा विधिमंडळास सुचली, ती मनाच्या झडतीस अद्याप स्पष्ट शब्दांत लाभलेली नाही.

१९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांच्या पीठाने झडती व जप्तीच्याच संदर्भात असे म्हटले होते की, अमेरिकन राज्यघटनेसारखा प्रायव्हसीचा मूलभूत हक्क आपल्या घटनाकारांनी मान्य केलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने ते मत रद्द ठरविले आणि हा हक्क अनुच्छेद २१ च्या आश्रयाने मूलभूत असल्याचे सांगितले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, न्यायालयाने तो हक्क लपविण्याच्या गरजेवर उभारला नाही. माणसाची प्रतिष्ठा आणि स्वतःविषयी निर्णय घेण्याची त्याची मुखत्यारी यांवर उभारला. त्यावर निर्बंध घालता येतो. परंतु त्यास कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या प्रमाणात उपाय हवा. म्हणजे कारण देण्याचा भार पाहणाऱ्यावर आला. पोस्टकार्डाची नीती न्यायालयाने घटनेच्या भाषेत सांगितली, असे म्हणावयास हरकत नाही. दुर्दैवाने आपण तिचे भाषांतर पुन्हा ‘गोपनीयतेचा अधिकार’ असे केले.

परदेशांत स्थिती अधिक कठोर आहे. अटकेत सापडलेल्या माणसाचा मोबाइल पाहण्यास अधिपत्र हवे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रायली खटल्यात ठरविले. परंतु सीमेवरील जुना अपवाद त्याने मोडला नाही. तेथील सीमा यंत्रणेच्या २०१८ च्या आदेशानुसार अधिकाऱ्याने यंत्रातील मजकूर तेवढा पाहावयाचा. जाळ्यावरून दूर ठेविलेला मजकूर पाहावयाचा नाही. ब्रिटनमध्ये २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टान्वये प्रवाशास थांबविता येते. २०१३ साली पत्रकारितेची कागदपत्रे नेणारे डेव्हिड मिरांडा यांना हीथ्रो विमानतळावर जवळजवळ नऊ तास अडकवून ठेवण्यात आले होते. न्यूझीलंडच्या २०१८ च्या कायद्याने, वाजवी संशयावरून मागितलेला परवलीचा शब्द न दिल्यास पाच हजार डॉलरांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग लपवावयाचे नाही, तर सारे उघडून द्यावयाचे काय? मुळीच नाही. चोरकप्पा आणि कुलूप यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा. कुलूप काहीही लपवीत नाही. उलट, आत काही आहे आणि ते तुमचे नाही, असे ते उघडपणे सांगते. सबंध यंत्र सांकेतिक रीतीने बंद करणे, सीमा ओलांडण्यापूर्वी ते नुसते झोपविण्याऐवजी पूर्णपणे बंद करणे, आणि विचारले असता ‘होय, हे बंद आहे, यात माझा खासगी मजकूर आहे’ असे खरे सांगणे, हे कुलूप होय. त्यापुढे उघडण्यास नकार दिल्यास काय होईल, हे त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे आधी जाणून घेता येते. अमेरिकेचा नागरिक असल्यास केवळ या नकारासाठी त्यास परत पाठविता येत नाही, पाहुण्यास मात्र प्रवेश नाकारता येतो. यंत्र काही काळ ठेवूनही घेता येते. ही किंमत आहे. पण ती माहीत असलेली किंमत आहे, आणि ती खोटेपणाची नाही.

त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे जे लागणार नाही ते बरोबर न नेणे. आमच्या जुन्या बायका प्रवासास निघताना दागिने घरी ठेवून जात. त्यास कोणी लपवाछपवी म्हटले नाही. कारखान्याच्या प्रक्रियेचे टिपण तर प्रवाशाचे नसतेच. ते मालकाचे असते. म्हणून ते कोणत्या यंत्रावर जावे हे मालकाने ठरवावे आणि त्याची जोखीम नोकराच्या डोक्यावर टाकू नये.

या विवेचनास एक अपवाद मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. जेथे कुलूप पाहताच माणसास कोठडीत टाकले जाते, तेथे आपल्या सांगावकऱ्याचे प्राण वाचविण्यासाठी चोरकप्पा बाळगणाऱ्या पत्रकारास आम्ही दोष देणार नाही. परंतु अशा माणसास आपण काय करीत आहोत हे ठाऊक असते. आमचा आक्षेप आहे तो हाच उपाय सर्वसामान्य प्रवाशास सदाचार म्हणून शिकविण्यास.

भाषेच्या अभ्यासकांकडे यात करण्यासारखे काम थोडेच, पण निश्चित आहे. शासनाच्या आणि व्यापाराच्या गुपितास ‘गोपनीय’ म्हणावे. नागरिकाच्या हक्कास ‘खासगीपणाचा हक्क’ म्हणावे. शब्द बदलल्याने सीमेवरचा अधिकारी बदलणार नाही, हे आम्हांस कळते. परंतु पिशवी उघडताना बोईसरच्या प्रवाशाची मान खाली जाते की ताठ राहते, हे पुष्कळ अंशी त्याच्या मनात कोणता शब्द आहे यावर अवलंबून असते. आपल्यापाशी आहे ते चोरीचे नाही आणि लपविलेलेही नाही, ते केवळ आपले आहे, एवढे त्यास आपल्या भाषेत म्हणता आले पाहिजे.